डीकन टिलरींचा लाल ठिपका

या, असे पुढच्या बाकावर या. मागच्यांना ऑर्गन ऐकू येतो, पण माणसाच्या घशातला आवंढा ऐकायचा तर जवळच बसावं लागतं. आज एक गोष्ट सांगायची आहे. रागाची गोष्ट आहे, आणि टाचणीच्या टोकाएवढ्या एका भोकाची. इथंच, ह्या सरोवराकाठच्या ईरी गावात, परेड स्ट्रीटवर, थर्मन ग्रिग्जच्या गॅरेजात घडली. बाहेर सरोवरावरून बर्फ येत होतं आणि आत थर्मन पेटला होता.

डिसेंबरातला बुधवार. सकाळी बंद गाड्या ओढणाऱ्या टो-ट्रकवरून एक जुनी निळी गाडी उतरली. तिच्यामागून ट्रकच्या केबिनमधून क्लॅरिस बायनम उतरली, आणि मग तिनं आणि ड्रायव्हरनं हाताला धरून तिच्या आईला उतरवलं. मदर बायनम म्हणजे माउंट नेबो चर्चमधली सगळ्यांत वडीलधारी बाई. रविवारी डोक्यावर पांढरी टोपी, पहिल्या बाकावर जागा, आणि पाळकांचं प्रवचन रंगात येऊन गाण्यावर गेलं की "बोल, बाळा!" असा पहिला टेका त्यांचाच. आज मात्र त्यांचे पाय इतके सुजलेले की बुटांच्या नाड्या सोडून ठेवलेल्या.

"खुर्ची दे आधी," क्लॅरिस म्हणाली. "आणि चहा-पाणी काही विचारू नकोस तिला. पाणी मोजून आहे. काल डायलिसिस हुकलंय."

"हुकलं? का?"

"का म्हणजे! ही अवदसा बंद पडली म्हणून!" क्लॅरिसनं गाडीच्या टायरला लाथ घातली. "बेफ्रंटच्या चढावर. चालता चालता ठप्प. इंजिन नाही, स्टिअरिंग जड, ब्रेक जड. आणि मागून बर्फ ढकलणारा ट्रक, त्याचं ते पातं एवढं! हॉर्न वाजवतोय, थांबता थांबत नाहीये. मी डोळे मिटले, थर्मन. आईनं नाही मिटले. आई गात होती."

"मग दुसरं काय करणार होते?" मदर बायनम खुर्चीतून म्हणाल्या. "मला कुठं गाडी चालवता येते."

ट्रक हातभर अंतरावर थांबला होता. दहा मिनिटांनी गाडी जणू काही झालंच नाही अशी सुरू झाली, पुढच्या सिग्नलला पुन्हा मेली. डायलिसिसच्या खुर्चीची वेळ टळली. पुढची खुर्ची उद्या, गुरुवारी सकाळी आठला. सरकारी गाडी येते न्यायला, पण ती कधी दोन तास आधी येते, कधी येतच नाही. उद्याचंही हुकलं तर काय, हे कुणी बोलून दाखवलं नाही. मदर बायनमचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता, तेवढं पुरे होतं.

"ऑक्टोबरपासून चाललंय हे," क्लॅरिस सांगू लागली. कारखान्यात प्लॅस्टिकच्या साच्यांवर काम करून तिचा आवाज मुळातच वरच्या पट्टीत. "तू त्या आठवड्यात बहिणीकडे गेला होतास, म्हणून मी पीच स्ट्रीटवर नेली. ते चकचकीत गॅरेज नाही का, जिथं कॉफी फुकट देतात. त्यांनी ते यंत्र लावलं, म्हणाले सेन्सर गेलाय. बदलला. दोन आठवड्यांनी पुन्हा बंद. म्हणाले, नवा सेन्सरच खराब निघाला. पुन्हा बदलला. पुन्हा बंद! मग म्हणाले, गाडीचा कॉम्प्युटर गेलाय. तोही बदलला. आणि काल काय म्हणाले माहितीये? 'मॅडम, ही गाडी आता भंगारात द्या.' बाबांची गाडी आहे ही!"

थर्मननं स्कॅनर लावला. पडद्यावर तोच कोड. इंजिनाच्या पोटातला मोठा दांडा फिरतोय की नाही, हे कॉम्प्युटरला कळवणारा एक बोटभर सेन्सर असतो. त्याच्याकडून निरोप आला नाही की कॉम्प्युटर समजतो, इंजिन थांबलं; आणि खरोखरच थांबवून टाकतो. कोड त्याचाच होता. पण थर्मनच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती कोडातल्या शेवटच्या शब्दानं.

"इकडे ये. वाच हे. काय लिहिलंय?"

"सेन्सरचं सर्किट," क्लॅरिसनं वाचलं.

"सर्किट! सेन्सर खराब आहे असं कुठं म्हटलंय? घरात दिवा लागत नाही म्हणून माणूस एक बल्ब बदलतो, फार तर दुसरा बदलतो. तिसऱ्यांदा तरी भिंतीतली वायर बघतो की नाही? ह्यांनी बल्ब दोनदा बदलला आणि मग घरमालकच बदलला! आणि आता म्हणे घर पाडा!"

"हो ना!" क्लॅरिसला कुणीतरी आपल्याइतकं चिडलेलं बघून बरं वाटलं.

थर्मनच्या गॅरेजात भिंतीवर एक पाटी होती, त्यानं स्वतः रंगवलेली: 'आम्ही आधी तपासतो, मग बदलतो.' ह्या पाटीवर त्याचा जीव. गेली चार-पाच वर्षं पीच स्ट्रीटवाल्यांच्या नावानं तो येता-जाता बोटं मोडायचा. टेस्टिमनीच्या, म्हणजे साक्ष द्यायच्या, बुधवारी चर्चमध्ये उभा राहिला तरी, देवाचे आभार मानता मानता गाडी पीच स्ट्रीटकडे वळायचीच. एकदा पाळकांनीच म्हटलं होतं, "ब्रदर थर्मन, आता आमेन म्हणा आणि पार्क करा."

हे तपासण्याचं वेड त्याला लावलं चर्चचे मानाचे सेवक, म्हणजे डीकन, होझिया टिलरी ह्यांनी. गॅरेज मूळचं त्यांचं. तीन वर्षांपूर्वी ते गेले, आणि चाव्या थर्मनकडे आल्या. माउंट नेबोत रविवारी उपासना सुरू व्हायच्या आधी डीकन उभे राहून जुनं गीत उचलायचे: एक ओळ स्वतः भरभर म्हणायची, आणि मग सगळ्या मंडळींनी तीच ओळ लांब, हेलकावे देत ओढून न्यायची. कीर्तनात झील धरतात ना, तशी. ते प्रसिद्ध होते मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी. डीकनच्या शर्टाच्या खिशात कायम बायकोच्या नेलपॉलिशची लालभडक बाटली असे. सुट्या भागांच्या दुकानात पोरं चिडवायची, "डीकन, आज कुठल्या नखांना?" डीकन हसायचे नाहीत, रागवायचेही नाहीत.

तर थर्मननं कामाला हात घातला. आधी सेन्सरच्या तीनही तारा दोन्ही टोकांनी मोकळ्या केल्या. मीटर लावला. मीटर म्हणाला, सगळ्या तारा ठीक.

"म्हणजे?" क्लॅरिस घाबरली.

"म्हणजे काही नाही. मीटर सभ्य आहे, हळूच विचारतो. तुटायला आलेली तार, एक तंतू धरून लोंबत असली, तरी मीटरला 'मी ठीक आहे' सांगते. तू काल डॉक्टरबाईंना फोनवर सांगितलं असशीलच ना, आई ठीक आहे."

"ते वेगळं."

"तेच ते. तारेला काम द्यायचं. मग खरं बोलते."

हीही डीकनचीच युक्ती. त्यानं एक लहानसा बल्ब घेतला, बॅटरीतून आलेला प्रवाह पहिल्या तारेतून त्या बल्बपर्यंत नेला. बल्ब लख्ख पेटला. दुसऱ्या तारेतून नेला. लख्ख. तिसरी तार निरोपाची, सेन्सरकडून कॉम्प्युटरकडे जाणारी. तिच्यातून नेला, तर बल्ब संध्याकाळच्या निखाऱ्यासारखा तांबूस होऊन बसला. थर्मननं तारांचा जुडगा बोटभर हलवला. बल्ब विझला. सोडला. पुन्हा तांबूस.

"सापडली," थर्मन म्हणाला, आणि मदर बायनमनी खुर्चीतून डोळे न उघडता टेका दिला, "बरं झालं!"

तारांवरची काळी चिकटपट्टी त्यानं चाकूनं उकलली. कनेक्टरपासून जरा वर, निरोपाच्या तारेचं आवरण एका जागी फुगलेलं, आणि फुगवट्याच्या माथ्यावर बारीकसं भोक. नखानं दाबलं तसं आवरण फाटलं. आत तांबं नव्हतंच. हिरवी भुकटी होती, ओल्या खडूसारखी, आणि तिच्यातून जेमतेम एक तंतू.

तुम्ही ह्या गावात एक हिवाळा काढला असेल तर हे हिरवं काय ते सांगायला नको. रस्त्यावर मीठ टाकतात, बर्फ वितळतं, खारं पाणी चाकांवरून उडून गाडीच्या पोटात शिरतं. आवरण धड असेल तोवर तारेला काही होत नाही. टाचणीएवढी वाट मिळाली की मीठ आत जातं आणि तांबं खाऊन टाकतं.

"हे भोक आपोआप नाही पडलेलं," थर्मन म्हणाला. "सुई टोचलीये कुणीतरी. मीटरची सुई. तारेत काय चाललंय बघायला टोचायची आणि तशीच उघडी सोडून द्यायची! अगं, डॉक्टर इंजेक्शन दिल्यावर कापूस तरी लावतो! तुझ्या आईला मारलं असतं ह्यांनी. कळतंय तुला? त्या चढावर तुम्हां दोघींना मारलं असतं ह्या भोकानं!"

"फोन लाव," क्लॅरिस म्हणाली. "आत्ता लाव. माझ्यासमोर."

"माफी मागायला लावतो त्याला. तुझी नाही, मदरची."

"मला नको कुणाची माफी," मदर बायनम म्हणाल्या. "मला उद्या आठ वाजता तिथं पोचायचंय."

पण कोण ऐकतं! थर्मननं फोन बाकावर ठेवला आणि आवाज मोठा केला. पलीकडून पीच स्ट्रीटच्या मॅनेजरचा आवाज आला. कोल्बी स्वँक त्याचं नाव, आवाजावरून तिशीचा, तोंडात काहीतरी चघळत असलेला. थर्मननं नाव सांगितलं, गाडी सांगितली, आणि मग जी सरबत्ती सुरू केली ती श्वास घ्यायलाच थांबली. तारा टोचणारे खाटीक म्हणाला. शिकून आला आहात की कोंबड्या सोलून, म्हणाला. एका म्हाताऱ्या बाईचा जीव जाता जाता वाचला, म्हणाला. मागून क्लॅरिस, "सांग त्याला! सांग!"

पलीकडे चघळणं थांबलं.

"सर," कोल्बी म्हणाला, "एक मिनिट. तुम्ही म्हणताय आम्ही वायरला सुई टोचली?"

"मग काय, माझ्या आजीनं टोचली?"

"सर, आमच्याकडे सुईच नाही."

"काय?"

"टोचायची सुई नाही. मीटर एक आहे, तो बॅटरी बघायला. आमचं काम म्हणजे यंत्र लावा, कोड बघा, कोडवाला भाग बदला. एका गाडीला पाऊण तास. वायर तपासायला वेळच देत नाहीत आम्हांला. आमच्यातल्या कुणी त्या गाडीची पट्टीसुद्धा उकललेली नाही. आता हवं तर त्यासाठी ओरडा. ते खरं आहे. पण भोक आमचं नाही, सर. भोक पाडायला आधी तपासावं लागतं."

थर्मनची नजर पुन्हा त्या भोकाकडे गेली.

"खोटारडा!" क्लॅरिस फोनवर ओरडली. "चोराच्या उलट्या बोंबा! पैसे घेऊन वर तोंड करून बोलतोय! थर्मन, बोल ना!"

"मी करतो नंतर फोन," थर्मन पुटपुटला आणि त्यानं फोन बंद केला.

क्लॅरिसचा आवाज चालूच होता. वकील, ग्राहक कचेरी, चर्चच्या पत्रकात नाव छापणं, सगळं निघालं. थर्मन पुन्हा गाडीच्या तोंडाशी वाकला. दिवा जवळ ओढला. कनेक्टरच्या कडेवर दोन बोटं आडवी ठेवली. भोक बरोबर दुसऱ्या बोटाच्या कडेला लागलं.

दोन बोटं. डीकनचा नियम. "वाटेल तिथं टोचू नकोस. कनेक्टरपासून दोन बोटं मोज आणि तिथंच टोच, म्हणजे उद्या मागाहून येणाऱ्याला कुठं बघायचं ते कळेल." ह्या गावात दोन बोटं मोजून टोचणारी माणसं दोनच. एक डीकन टिलरी. दुसरा हा.

आणि मग त्याला ते दिसलं. खरं म्हणजे मघापासून दिसतच होतं. रागाच्या डोळ्यांना लाल रंग वेगळा दिसत नाही. शेजारच्या तारेवर, त्याच दोन बोटांवर, मसुराच्या डाळीएवढा लाल ठिपका. नेलपॉलिशचा. ही गाडी क्लॅरिसचे बाबा चालवायचे तेव्हाचा, नऊ वर्षांपूर्वीचा. थर्मननं चाकूच्या टोकानं तो ठिपका हलकेच उचलला. खाली भोक होतं, आणि भोकात तांबं होतं: लखलखीत, नव्या दागिन्यासारखं. नऊ हिवाळे.

निरोपाची तार वर्षाच्या आतच सडली होती.

ह्याच वर्षीचा फेब्रुवारी. आता सगळं आठवलं. गाडी सुरूच होत नव्हती म्हणून क्लॅरिसनं आणली होती. त्यानं ह्याच तारेत सुई टोचून निरोप येतोय ना, ते पाहिलं होतं. येत होता. बिघाड भलताच निघाला, एक जळका रिले, म्हणजे वीज सोडणारा डबीएवढा स्विच. आणि सुई काढता काढता तो काय करत होता? बोलत होता. बाकावर बसलेल्या दोघा-तिघांना पीच स्ट्रीटवाल्यांचे पराक्रम सांगत होता, हातवारे करून, रंगात येऊन. लाल ठिपका तेव्हाही समोर होता. बाटली फळीवर होती. तो बोलत राहिला, त्यानं काळी पट्टी गुंडाळली, आणि बोलत बोलतच बॉनेट आपटलं. "हात काम करत असले की तोंड मिटून ठेव, थर्मन," डीकन म्हणायचे. तो म्हणे, "मी दोन्ही करू शकतो."

क्लॅरिस थांबली होती. "काय झालं? असा काय उभा आहेस?"

आता बघा. ह्या क्षणी त्याला गप्प बसता आलं असतं. तार जोडली असती, भोकाचा तुकडा कचऱ्यात गेला असता. कोल्बी स्वँकवर कुणाचाही विश्वास नव्हता, सगळा परेड स्ट्रीट थर्मनच्या बाजूनं होता. क्लॅरिसनं जन्मभर पीच स्ट्रीटला शिव्या दिल्या असत्या आणि थर्मनला ख्रिसमसला केक पाठवला असता. त्यानं दोनदा पुसलेले हात हातातल्या फडक्यानं पुन्हा पुसले.

मदर बायनम गुणगुणत होत्या. डीकन उचलायचे तेच लांब सुराचं गीत. एक ओळ संपवून त्या थांबल्या, दुसरी कुणीतरी द्यावी म्हणून.

"मदर," थर्मन म्हणाला, "मला काहीतरी सांगायचंय."

"बोल, बाळा."

"त्या पोरानं खरं सांगितलं. भोक त्यांचं नाही."

"हं. बोल."

"भोक माझं आहे."

"बोल, बाळा!" सवयीनं टेका पडला, आणि मग शब्द कानांत पोचले तशा मदर बायनमनी डोळे उघडले.

"फेब्रुवारीत मीच टोचलं. मला बुजवायचं होतं. मी बुजवलं नाही. मी त्यांना नावं ठेवत होतो, त्या नादात राहिलं. डीकननी शेजारीच टोचून बुजवलेलं आहे, ते अजून नवं आहे. माझं सडलं. त्या चढावर तुम्हांला मी नेऊन उभं केलं, मदर. त्यांनी नाही."

"देवा, ह्याला बळ दे," मदर बायनम हळूच म्हणाल्या.

"बळ दे?" क्लॅरिसचा आवाज इतका खाली आला की थर्मनला ओरडणं परवडलं असतं. "आई, ह्याला बळ दे काय? तीन महिने! तीन महिने मी त्या लोकांशी भांडतेय. काल त्या ट्रकचं पातं आरशात बघितलंय मी. आणि हा आत्ता, ह्या इथं, पाच मिनिटांपूर्वी त्या माणसाला खाटीक म्हणत होता. माझ्या आईच्या नावानं! नाकानं कांदे सोलत होता!"

"हो," थर्मन म्हणाला.

"हो म्हणू नकोस! चुकलो म्हण, दमलो होतो म्हण, काहीतरी सबब सांग, म्हणजे मला ती खोडता तरी येईल!"

"सबब नाही."

"ती पाटी बघ," तिनं भिंतीकडे हात केला. "आम्ही आधी तपासतो! तपासूनच मारलं असतंस आम्हांला! त्या बिनडोकांनी निदान हात तरी लावला नसता!" बाकावरचा जाड काळा मार्कर तिनं उचलला, स्टूल ओढलं, वर चढली, आणि पाटीखाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'आणि टोचलेलं बुजवतो.' खाली उतरली. पुन्हा चढली. पुढं लिहिलं: 'कधी कधी.'

मदर बायनमना हसू आवरेना. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता श्वास अडकला, आणि तिघंही एका झटक्यात त्यांच्याभोवती गोळा झाली, म्हणजे क्लॅरिस, थर्मन आणि टो-ट्रकचा ड्रायव्हर, जो अजून कागदावर सही घ्यायला थांबला होता. श्वास परत आला. राग कुठं गेला नाही. तो खुर्चीच्या दोन्ही बाजूंना उभा राहिला.

"मला उद्या आठला पोचायचंय," मदर बायनम म्हणाल्या. "तुमचं भांडण शुक्रवारी ठेवा."

थर्मननं आधी पीच स्ट्रीटला फोन लावला. ह्या वेळी आवाज मोठा करायला क्लॅरिसनंच सांगितलं. तो म्हणाला, "स्वँक, भोक माझं होतं. तुला खाटीक म्हटलं ते परत घेतो. सेन्सर दोनदा बदललास त्याबद्दल जे म्हटलं, ते परत घेत नाही." पलीकडे पुन्हा चघळणं सुरू झालं. मग कोल्बी म्हणाला, "ठीक आहे, सर. तुम्ही बल्ब लावून तारा तपासता ना, तो प्रकार काय असतो? तुमच्याबद्दल ऐकलंय मी." थर्मनला पुन्हा राग आला, आणि कुणावर ते त्याला ठरवता येईना. "शनिवारी ये. दाखवतो," म्हणून त्यानं फोन ठेवला.

मग तो बोलला नाही. सडलेला तुकडा कापला, चांगलं तांबं लागेपर्यंत मागं मागं गेला, नवी तार सोल्डर केली, तापवल्यावर घट्ट आवळणारी नळी चढवली. बल्ब लावला. लख्ख. जुडगा हलवला, पिरगाळला, ठोकला. लख्ख. डीकनच्या ज्या ठिपक्याखाली त्यानं चाकू घातला होता, तिथं फळीवरची बाटली काढून पुन्हा थेंब ठेवला. बाटली जवळजवळ सुकली होती. ब्रश तळाला घासला तेव्हा कुठं थेंब आला. तो वाळेपर्यंत थर्मननं फुंकर घातली, आणि क्लॅरिस हाताची घडी घालून शेजारी उभी राहून पाहत होती.

"झाली," तो म्हणाला. "चावी घे."

"नको," क्लॅरिस म्हणाली. "तू म्हणतोस म्हणून मी माझ्या आईला ह्या गाडीत बसवू? ते दिवस गेले. उद्या सकाळी साडेसातला आमच्या दाराशी ये. तू चालव. त्याच चढावरून ने. मी तुझ्या शेजारी बसणार, आणि गाडी पुन्हा मेली, तर त्या ट्रकसमोर तूही असशील."

"येतो," थर्मन म्हणाला.

गुरुवारी सव्वासातलाच तो दाराशी होता. गाडी सुरू ठेवून, काचा पुसून, मागच्या सीटवर स्वतःचं लोकरीचं पांघरूण अंथरून. मदर बायनम मागं बसल्या, मांडीवर पर्स, तोंडात लिंबाची गोळी. क्लॅरिस पुढं बसली आणि तिनं इंजिन बिघडलं की पेटणाऱ्या समोरच्या पिवळ्या दिव्याच्या जागेवर नजर खिळवली. थर्मनचे हात काम करत होते, आणि तोंड मिटलेलं होतं.

चढ आला. सरोवरावर करडा उजेड फुटत होता, मीठ काचेवर तडतडत होतं. मागून खरोखरच बर्फाचा ट्रक आला, तोच की दुसरा कोण जाणे. पातं आरशात भरलं. क्लॅरिसनं दाराची मूठ पकडली. मागून मदर बायनमनी गीत उचललं, एक ओळ भरभर म्हटली आणि थांबल्या. डीकन थांबायचे तशाच.

ओळ तशीच अधांतरी राहिली. मग थर्मननं ती धरली, घोगऱ्या आवाजात, लांब ओढून. पुढच्या ओळीला क्लॅरिसही आली. रागातच आली, दात आवळून; पण सूर बरोबर लागला. त्या घरात सूर चुकत नाही. इंजिन एकसारखं चालत राहिलं. चढ संपला.

आठाला पाच कमी असताना मदर बायनम डायलिसिसच्या आपल्या खुर्चीत टेकल्या. खोलीचं दार लावताना क्लॅरिस थर्मनला म्हणाली, "मी अजून चिडलेली आहे."

"माहितीये."

"शनिवारीही तूच चालवायचीस."

"शनिवारी स्वँक येणार आहे."

"मग त्यालाही घे मागच्या सीटवर. गाता येतं का विचार."

ती पाटी अजून तशीच आहे, 'कधी कधी'सकट. नवीन गिऱ्हाईक वाचून हसतं, थर्मन हसत नाही. त्याच्या शर्टाच्या खिशात आता नवी बाटली असते.

गोष्ट एवढीच. उठायच्या आधी एकच मागणं. एखाद्याचं चुकलेलं दाखवून द्यायला तुम्ही सुई हातात घ्याल, आणि जीभ त्या सुईहून पुढं धावेल, तेव्हा क्षणभर डीकन होझिया टिलरींची आठवण काढा. खिशात बायकोचं नेलपॉलिश बाळगणारा म्हातारा. पोरं चिडवायची तेव्हा तो एवढंच म्हणायचा: "मी टोचलं. मग बुजवायला दुसरं कोण येणार?"